सशाचे पिल्लू ट्रे सोडून घरात लघवी करते, तेव्हा काय आणि कोणत्या क्रमाने तपासावे

घरात आणलेले सशाचे पिल्लू पहिले काही दिवस ट्रेमध्ये व्यवस्थित लघवी करते आणि मग एकाएकी सोफ्यामागे, पलंगावर किंवा दारातल्या पायपुसण्यावर करू लागते, ही तक्रार मुंबईतल्या ससे पाळणाऱ्या कुटुंबांकडून माझ्यापर्यंत इतक्या वेळा आली आहे की तिच्यामागची कारणे मला आता ओळखीची झाली आहेत. त्यांतली बहुतेक कारणे घरातच, एक पैसाही खर्च न करता दूर होतात. काही थोड्या ठिकाणी मात्र पशुवैद्याची गरज असते आणि तिथे घरगुती उपाय करत राहणे सशाच्या जिवावर बेतू शकते. म्हणून आधी लक्षणे नीट पाहावीत आणि मगच उपायाकडे वळावे.

लक्षणे : नेमके काय होते आहे?

सर्वांत आधी लघवी आणि लेंड्या या दोन गोष्टी वेगळ्या कराव्यात. निरोगी ससा दिवसाला दोनशे-तीनशे कोरड्या, गोल लेंड्या टाकतो आणि त्यांतल्या काही ट्रेबाहेर पडणारच. त्या कोरड्या असतात, वास देत नाहीत आणि झाडूने सहज गोळा होतात. लघवी ट्रेमध्ये होत असेल आणि लेंड्या तेवढ्या इकडेतिकडे पडत असतील, तर शिक्षण फसलेले नाही, ते चालू आहे. नव्या खोलीत सोडल्यावर पहिल्या दिवशी लेंड्या जास्त विखुरलेल्या दिसतात, कारण ससा त्यांच्या साहाय्याने ही जागा आपली असल्याचे नोंदवत असतो.

लघवी ट्रेच्या अगदी लगत, पण बाहेर पडत असेल, तर दोष ट्रेच्या आकारात किंवा काठात असतो. लघवी रोज त्याच एका दुसऱ्या कोपऱ्यात होत असेल, तर दोष ट्रेच्या जागेत असतो. फक्त गादी, सोफा किंवा सतरंजीच ओली होत असेल, तर प्रश्न पृष्ठभागाचा आहे. तीन ते पाच महिन्यांच्या वयात, आजवर शहाण्यासारखे वागणारे पिल्लू अचानक भिंतींवर आणि पडद्यांवर लघवीचे फवारे उडवू लागले, माणसांच्या पायांभोवती घुं-घुं करत फेऱ्या घालू लागले, तर ते वयात आले आहे.

काही लक्षणे दिसली की पुढची एकही पायरी करत बसू नये. लघवीसाठी जोर करणे, पुन्हा पुन्हा बसूनही थेंबथेंबच होणे, लघवी अजिबात न होणे, मागचे पाय सतत ओले राहणे, मान एका बाजूला कलणे, पिल्लाला पातळ जुलाब होणे, किंवा बारा तासांत काहीही न खाणे आणि लेंड्या बंद होणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी पशुवैद्याकडे जावे. सशाचे आतडे थांबले तर तो फार झपाट्याने खालावतो, आणि सशाची जातच अशी की दुखणे शक्य तितके लपवते. ते आपल्याला दिसू लागते तेव्हा बराच वेळ निघून गेलेला असतो.

पहिली तपासणी : ट्रे कुठे ठेवला आहे?

हिला काहीच खर्च नाही आणि सर्वाधिक घरांत प्रश्न इथेच सुटतो. ससा लघवीसाठी कोपरा निवडतो. मागची बाजू भिंतीला, तोंड मोकळ्या जागेकडे, म्हणजे बसलेला असताना कोणी येत असेल तर दिसावे. आपण ट्रे आपल्या सोयीने बाल्कनीत, मोरीजवळ किंवा चपलांच्या कपाटाखाली ठेवतो आणि ससा स्वतःच्या सोयीचा कोपरा धरतो. अशा वेळी सशाला ट्रेकडे नेत राहण्यापेक्षा ट्रे सशाच्या कोपऱ्यात न्यावा. लघवी पुसलेला कागद आणि जमिनीवरच्या लेंड्या उचलून ट्रेमध्ये टाकाव्यात, कारण जागा वासावरून ठरते. त्याने दोन कोपरे धरले असतील तर दोन ट्रे ठेवावेत. एक महिनाभर जागेची अडचण सोसणे हे वर्षभर फरशी पुसण्यापेक्षा बरे.

मुंबईत जागेचा प्रश्न ऋतूप्रमाणेही बदलतो, आणि ही गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. जानेवारीत बाल्कनीतला ट्रे ससा आनंदाने वापरतो. एप्रिल-मे महिन्यांत त्याच बाल्कनीत ऊन येते, प्लास्टिक तापते आणि ससा घरातल्या थंड लादीवर येऊन बसतो व तिथेच लघवी करतो. सशाला घाम गाळून अंग थंड करता येत नाही आणि तापमान तीस अंशांच्या आसपास गेले की त्याला उष्माघाताचा धोका असतो, तेव्हा उन्हातला ट्रे त्याने सोडणे योग्यच आहे. ट्रे आत आणावा, आणि ससाही. पावसाळ्यात उलट, बाल्कनीत झड येते, ट्रेमधला कागद आणि गवत आधीच ओले होते आणि ओल्या जागेत बसायला ससा तयार होत नाही.

दुसरी तपासणी : पिल्लाला जागा किती दिली आहे?

बाजारात विकायला येणारी पिल्ले अनेकदा आठ आठवड्यांचीही झालेली नसतात. एवढ्या लहान पिल्लाला लघवी रोखून धरून खोलीच्या दुसऱ्या टोकाच्या ट्रेपर्यंत जाणे जमत नाही. ती अपेक्षाच चुकीची आहे. सुरुवातीला त्याला एक कोपरा पुरतो: लोखंडी जाळीचे घडीचे कुंपण लावून ट्रे, पाणी, गवत आणि अंग टाकण्यापुरती जागा एवढेच आत ठेवावे. काही दिवस सलग लघवी ट्रेमध्येच झाली की कुंपण थोडे पुढे सरकवावे, पुढे एक खोली, मग दुसरी. मध्येच चुका वाढल्या तर पुन्हा आधीच्या जागेइतके आत यावे. ही शिक्षा नाही, त्याला आठवण राहील इतकी जागा देणे आहे.

याच टप्प्यावर आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. चूक झाल्यावर ओरडणे, मानेला धरून लघवीत नाक घासणे किंवा फटका मारणे यांपैकी काहीही करू नये. ससा हा शिकार होणारा प्राणी आहे; लघवी आणि मार यांचा संबंध त्याला लागत नाही, फक्त माणूस आणि भीती यांचा लागतो, आणि घाबरलेला ससा जास्त लघवी करतो. सशाची कमरेची हाडे नाजूक असतात, घाबरून जोरात लाथ मारताना त्याचा स्वतःचाच मणका मोडू शकतो. शेपूट किंचित वर उचलून तो कोपऱ्यात मागे सरकताना दिसला, तर हळूच ट्रेकडे वळवावे. लघवी होऊन गेली असेल तर काहीही न बोलता पुसावी.

लघवी कमी व्हावी म्हणून पाणी कमी ठेवण्याचा उपायही काही घरांत केला जातो. तो तातडीने थांबवावा. सशाच्या शरीरातले जादा कॅल्शियम लघवीवाटे बाहेर पडते. पाणी कमी पडले की त्याचा गाळ मूत्राशयात साठतो आणि त्यातून खडे होण्याची वाट मोकळी होते. मुंबईच्या उकाड्यात तर पाणी चोवीस तास, शक्यतो जड वाडग्यात, समोर असले पाहिजे.

तिसरी तपासणी : ट्रे, त्यातला थर आणि गवत

दुकानात मिळणारा तिकोनी कोपऱ्याचा ट्रे पिल्लाला दोन महिने पुरतो, नंतर त्याची पाठ ट्रेच्या बाहेर येते आणि लघवी भिंतीवर जाते. ससा ट्रेमध्ये पूर्ण वळू शकला पाहिजे, शक्य तर आडवा पडू शकला पाहिजे. यासाठी खास वस्तू घेण्याची गरज नाही. भांड्यांच्या दुकानात मिळणारा रुंद, चौकोनी प्लास्टिकचा टब पुरतो, त्याची एक बाजू पिल्लाला चढता येईल इतकी खाली कापावी आणि कापलेली कड घासून गुळगुळीत करावी. मागची बाजू मात्र उंच असावी. ट्रेवर लोखंडी जाळी बसवू नये, कारण सशाच्या तळपायांना कुत्र्या-मांजरासारख्या गाद्या नसतात, केवळ केस असतात, आणि जाळीवर बसून टाचांना जखमा होतात.

थरासाठी सर्वांत स्वस्त आणि चांगली वस्तू म्हणजे रद्दी. वर्तमानपत्राच्या जाड घड्या खाली, त्यावर फाडलेले कागद आणि त्यावर सुक्या गवताचा थर. मासिकांचे चकचकीत कागद वापरू नयेत, ते लघवी शोषत नाहीत. कागदाच्या किंवा भट्टीत वाळवलेल्या लाकडाच्या गोळ्या मिळाल्या तर उत्तम, त्या वासही चांगला धरतात. मांजरांसाठी मिळणारी, ओली झाली की गोळा होणारी माती मात्र कटाक्षाने टाळावी. ससा ट्रेमधल्या वस्तू चावतो, ती माती पोटात फुगते आणि आतडे अडवते. सुताराकडून फुकट मिळणारा भुसाही नको. त्यात प्लायवुडचा डिंक असतो, बारीक धूळ असते, आणि देवदारासारख्या सुगंधी लाकडाच्या भुशातून निघणारी द्रव्ये सशाच्या फुप्फुसांना आणि यकृताला अपाय करतात.

ट्रे आणि गवत यांचे नाते नीट समजले तर निम्मे काम होते. ससा खाता खाता लेंड्या टाकतो. म्हणून सुक्या गवताची जुडी ट्रेच्या आत एका टोकाला किंवा ट्रेवर लटकवून ठेवली की तो दिवसातले कित्येक तास आपणहून ट्रेमध्ये घालवतो. गवत दुसऱ्या कोपऱ्यात आणि ट्रे तिसऱ्याच ठिकाणी ठेवलेल्या घरांत शिक्षण रखडते, आणि केवळ गवत ट्रेमध्ये आणल्याने कित्येक घरांतला प्रश्न त्याच आठवड्यात सुटलेला मी पाहिला आहे. पिल्लाला सहा-सात महिन्यांपर्यंत वाळवलेली लसूणघास चालते, नंतर तिच्यातले कॅल्शियम जास्त होते आणि साध्या गवतावर यावे लागते. भाताचा पेंढा खाली अंथरायला चालेल, पण तो गवताची जागा घेऊ शकत नाही. पावसाळ्यात गवताचा पुडा उघडा राहिला की दमटपणाने बुरशी धरते. कुबट वास आलेले गवत सशाला न देता टाकून द्यावे.

चौथी तपासणी : साफसफाई कशाने होते?

इथे दोन विरुद्ध चुका होतात. काही जण ट्रे रोज इतका घासतात की सशाला स्वतःचा वासच उरत नाही. दुसरीकडे बाहेरची लघवी नुसत्या पाण्याने पुसली जाते आणि तिथला वास तसाच राहतो. हवे ते याच्या उलट आहे. ट्रेमध्ये ओला भाग काढून थोड्या लेंड्या ठेवाव्यात, आणि बाहेरची जागा वास पूर्ण जाईपर्यंत स्वच्छ करावी. यासाठी पांढरे व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेतलेले पुरते, आणि ट्रेच्या तळाला चिकटलेला पांढरा थरही त्यानेच सुटतो, कारण तो कॅल्शियमचा असतो. मात्र संगमरवर, कोटा, कडप्पा किंवा जुन्या इमारतींतल्या मोझेक लाद्यांवर व्हिनेगर टाकू नये, लादी कायमची फिकट पडते. तिथे सौम्य साबणाचे पाणी दोन-तीनदा फिरवावे. फिनेल वापरू नये: ते सशाच्या नाकातोंडाला आणि पायांना त्रास देते. ज्या द्रवात अमोनिया आहे तोही नको, कारण त्याचा वास लघवीसारखाच असतो आणि ससा त्यावर पुन्हा लघवी करतो.

दमट हवेत ट्रे लवकर उग्र वास मारू लागतो. जून ते सप्टेंबर या काळात ओला थर दिवसातून दोनदा काढणे सोयीचे नसले तरी आवश्यक आहे. तो वास शेजाऱ्यांना येण्याच्या कितीतरी आधी सशाच्या फुप्फुसांना लागलेला असतो.

पाचवी तपासणी : गादी, सोफा आणि घरातला बदल

गुळगुळीत लादीवर सशाचे पाय घसरतात, त्यामुळे मऊ आणि पकड देणारी जागा त्याला आवडते, आणि पलंगावर तर घरच्या माणसांचा वासही असतो. ट्रे पक्का होईपर्यंत पलंगावर चढण्याची मुभा बंद ठेवावी, नाहीतर गादीवर रबरी कापड घालावे, आणि ट्रेपर्यंतच्या वाटेवर जुनी सतरंजी अंथरावी, म्हणजे तिथवर तो न घसरता जाईल. सतरंजीवरच लघवी होऊ लागली तर ती काढून रबराची पातळ चटई घालावी.

आधी सुरळीत असलेले बिघडले असेल तर घरात काय बदलले ते आठवावे. नवा ससा, नवे फर्निचर, पाहुणे, घराची रंगरंगोटी, यांतले काहीही पुरते. गणेशोत्सवात मखरासाठी नेमका सशाचा कोपरा रिकामा केला जातो, ट्रे आतल्या खोलीत जातो, आणि त्यातच ढोल-ताशांचा आवाज, दिवाळीत फटाके. अशा दिवसांत ट्रे शक्यतो आहे तिथेच ठेवावा, नाहीतर सण येण्याच्या पंधरवडाभर आधी रोज थोडा थोडा सरकवत नव्या जागी न्यावा, खिडक्या बंद ठेवाव्यात आणि पुन्हा लहान कुंपणावर यावे. हे बिघडलेले बहुधा सण सरल्यावर आपोआप सावरते.

सहावी तपासणी : वय, लिंग आणि नसबंदी

वरचे सर्व करूनही तीन महिन्यांपुढचा ससा फवारे उडवत असेल, तर कारण ट्रेमध्ये शोधू नये. वयात आलेला नर, आणि बऱ्याचदा मादीसुद्धा, लघवीने हद्द आखते. तिथे शिस्तीचा उपयोग होत नाही. यावर टिकणारा उपाय नसबंदी हाच आहे. नराची शस्त्रक्रिया साधारण चार महिन्यांनंतर, वृषणे खाली उतरल्यावर करता येते. मादीची मोठी असते आणि पाच-सहा महिन्यांनंतर केली जाते. मादीबाबत मी आग्रहाने सांगतो, कारण नसबंदी न केलेल्या माद्यांना वाढत्या वयात गर्भाशयाचा कर्करोग मोठ्या प्रमाणावर होतो आणि ससा नीट सांभाळला तर आठ-दहा वर्षे जगतो. शस्त्रक्रियेनंतर फरक लगेच दिसत नाही. संप्रेरके ओसरायला काही आठवडे लागतात, आणि नर तेवढ्या काळात मादीला गाभण करू शकतो.

विकत घेताना सांगितलेले लिंग पुष्कळदा चुकीचे निघते. दोन ‘माद्या’ म्हणून आणलेल्या जोडीला महिन्याभरात पिल्ले झाल्याचे प्रसंग नेहमीचे आहेत, कारण सशाचा गर्भकाळ जेमतेम एक महिन्याचा असतो. तेव्हा जोडी असेल तर पिल्ले तीन महिन्यांची होण्याआधीच पशुवैद्याकडून दोघांचे लिंग तपासून घ्यावे.

इथे थांबावे आणि पशुवैद्याकडे जावे

नसबंदी होऊन दोन महिने उलटले, जागा, ट्रे, गवत, साफसफाई सर्व ठीक आहे आणि तरीही लघवी गळते आहे, तर ते शिक्षणाचे काम उरलेले नाही. मूत्रमार्गाचा संसर्ग, मूत्राशयातला गाळ किंवा खडे, मणक्याची इजा, अथवा मज्जासंस्थेवर आणि मूत्रपिंडांवर परिणाम करणारा परजीवी संसर्ग यांपैकी काहीही असू शकते आणि ते लघवीच्या तपासणीशिवाय, क्ष-किरण चित्राशिवाय कळत नाही.

लघवीच्या रंगाने घाबरून जाऊ नये. ती पिवळी, नारिंगी, पालेभाज्यांतल्या रंगद्रव्यांमुळे गडद तांबडीही असू शकते, आणि किंचित दुधाळ असणेही स्वाभाविक आहे. एकसंध तांबड्या लघवीत ससा खेळता-खाता असेल तर एक दिवस पाहावे. फिकट लघवीत वेगळे लाल डाग किंवा गुठळ्या दिसल्या, अथवा टूथपेस्टसारखा दाट पांढरा गाळ आला, तर वाट पाहू नये. चकचकीत, मऊ, घडाने चिकटलेल्या लेंड्या जमिनीवर राहत असतील तर त्या जुलाबाच्या नव्हेत. ससा त्या एरवी थेट खातो, आणि बिस्किटे, पोळी, जास्त गाजर किंवा दाणे मिळाले की त्या मागे राहतात. खाऊ बंद करून गवत वाढवावे, आठवड्यात सुधारणा नसेल तर दाखवावे. पावसाळ्यात मागची बाजू अशी माखलेली राहिली तर त्यावर माश्या अंडी घालतात आणि अळ्या काही तासांत कातडी पोखरू लागतात. रोज एकदा शेपटीखाली पाहावे आणि अळी दिसली तर रात्र असली तरी निघावे.

मुंबईत कुत्र्या-मांजरांचे दवाखाने पुष्कळ आहेत, सशांचा अनुभव असलेले डॉक्टर कमी. परळला मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि बाई साकरबाई दिनशॉ पेटिट पशुरुग्णालय आहे. तिथे किंवा जवळच्या दवाखान्यात, आधी फोन करून सशांवर उपचार आणि शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर कोणत्या वेळी असतात ते विचारावे. शस्त्रक्रियेआधी सशाला रात्रभर उपाशी ठेवायला सांगितले तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे, कारण सशाला उलटी होत नाही आणि उपासाने त्याचे आतडे थांबते. पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन तोंडावाटे देऊ नये, ते त्याच्या आतड्यांतले उपयोगी जिवाणू मारते. घरातली माणसांची औषधे तर मुळीच नकोत.

जाताना लघवीचा ताजा फोटो, एका डबीत त्या दिवसाच्या लेंड्या, आणि त्याने शेवटचे कधी खाल्ले याची वेळ लिहून न्यावी. ससा हवेशीर पेटीत, खाली टॉवेल आणि बरोबर मूठभर गवत देऊन न्यावा, आणि उन्हाळ्यात सकाळी लवकरची वेळ घ्यावी.